रोलरच्या लवेत उरलेला रंग

घराच्या भिंती स्वतःच रंगवायच्या, असे ठरवले तेव्हा माझे सगळे लक्ष भिंतींवर होते. पुट्टी, घासकाम, प्रायमर आणि त्यानंतर रंगाचे दोन हात, हा क्रम मी कागदावर नीट लिहून काढला होता. मात्र दिवसाचे काम संपल्यावर हातात उरणाऱ्या ओल्या रोलरचे आणि ब्रशांचे काय करायचे, याबद्दल त्या कागदावर एकही ओळ नव्हती. पहिल्या खोलीचा पहिला हात संपल्यावर मी रोलर नळाखाली धरला, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेपर्यंत हाताने पिळला आणि खिडकीत आडवा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तो उचलला तेव्हा त्याची लव वरून मऊ, पण बोटांनी दाबली की आतून कडक लागत होती, आणि दोन्ही टोकांना पुठ्ठ्यासारखी ताठ कड धरली होती. त्याच रोलरने मी दुसरा हात दिला. रंग वाळल्यावर तिरप्या उजेडात भिंतीवर वरपासून खालपर्यंत समांतर रेघा उमटलेल्या दिसल्या. त्या घासून काढण्यात आणि तिसरा हात देण्यात पुढचे दोन दिवस गेले.

या रेघांचे कारण शोधताना एक साधी गोष्ट मला पहिल्यांदा नीट समजली. ज्या रंगाला आपण पाण्याचा रंग म्हणतो, तो इमल्शन ओला असेपर्यंतच पाण्याचा असतो. त्यात बहुवारिकाचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या पॉलिमरचे, अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना भिडतात, चिकटतात आणि त्यांचा अखंड पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. भिंत धुता यावी म्हणून रंगात जो गुण मुद्दाम आणलेला असतो, तोच रोलरच्या मुळावर येतो. शिवाय रोलरच्या लवेचा वरचा भाग धुतला जात असताना तिच्या बुडाशी, म्हणजे जेथे तंतू मधल्या नळीला जोडलेले असतात तेथे, रंग तसाच बसून राहतो. पाणी स्वच्छ येऊ लागले म्हणजे रोलर स्वच्छ झाला, हा माझा समज चुकीचा होता, कारण नळाचे पाणी लवेच्या वरूनच वाहून जात होते.

त्यानंतर मी रोलर आणि ब्रश धुण्यासाठी मिळणारे हाताने चालवायचे स्पिनर आणले. दिसायला ते सायकलच्या पंपासारखे असते. एका नळीत पिळाची सळई असते. मूठ खाली दाबली की सळईच्या पिळामुळे सरळ रेषेतील हालचालीचे फिरण्यात रूपांतर होते. लहान मुलांचा दांडा दाबून फिरवायचा पत्र्याचा भोवरा ज्या तत्त्वावर चालतो, तेच हे तत्त्व. खालच्या टोकाला स्प्रिंगसारख्या वाकवलेल्या पट्ट्या असतात. रोलरची नळी या पट्ट्यांवर बाहेरून चढवली की त्या आतून ताणून धरतात, आणि ब्रश लावायचा असेल तर त्याचा दांडा याच पट्ट्यांच्या मध्ये खोचतात. बाकी मोटर नाही, वीज नाही, पाण्याची जोडणी नाही.

पहिल्या वापरात मी दोन चुका केल्या आणि दोन्हींचा परिणाम लगेच दिसला. पहिली चूक जागेची. मी ओला रोलर स्पिनरवर चढवून उथळ घमेल्यावर धरला आणि मूठ दाबली. पहिल्याच दाबात पाण्याची आणि रंगाची चकती चारही दिशांना उडाली आणि ताज्या रंगवलेल्या भिंतीवर कमरेच्या उंचीला ठिपक्यांची आडवी रांग उमटली. तेव्हापासून मी रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा वापरते. रोलर त्याच्या काठापासून किमान वीतभर खाली असेल आणि तळाला टेकणार नाही, अशा उंचीवर स्पिनर धरला की एक थेंबही बाहेर येत नाही. डब्याच्या तोंडावर जुन्या कापडाचा तुकडा टाकून मधल्या भोकातून नळी आत सोडली, तर ब्रशसुद्धा निर्धास्तपणे फिरवता येतो.

दुसरी चूक जोर लावण्याच्या पद्धतीत होती. मी लहान लहान आणि घाईचे दाब देत होते. त्याने रोलर फिरत होता, पण पाणी पुरेसे निघत नव्हते. हे नीट पाहावे म्हणून मी रोलरच्या टोकाला काळ्या शाईची खूण केली आणि फोनवर सेकंदाला २४० चित्रे घेणारे मंद गतीचे चित्रण केले. मूठ वरपासून खालपर्यंत एका दमात पूर्ण दाबली की खुणेची एक फेरी साधारण १५ चित्रांत पूर्ण होत होती, म्हणजे सेकंदाला १६ आणि मिनिटाला सुमारे ९६० फेऱ्या. रोलरची त्रिज्या ३ सेंटिमीटर धरली, तर या गतीला लवेतील पाण्यावर बाहेरच्या दिशेने पडणारी ओढ गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३० पट होते. ही ओढ गतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. फेऱ्या निम्म्या झाल्या की ती चौथाईवर येते. माझ्या घाईच्या दाबांत नेमके तेच घडत होते. दहा तोकड्या दाबांपेक्षा चार पूर्ण, लांब दाब अधिक पाणी काढतात, हे आकड्यांत पाहिल्यावर माझा हात आपोआप बदलला.

एवढे करूनही रोलर धुण्यासाठी पाण्याच्या पाच-सहा फेऱ्या लागत होत्या आणि प्रत्येक फेरीचे पाणी दुधासारखे पांढरे होत होते. याचे उत्तर मला शेजारी राहणाऱ्या, अनेक वर्षे रंगकाम केलेल्या एका काकांकडून मिळाले. त्यांनी डब्यातले पाणी पाहिले आणि विचारले, “ताई, रोलर खरवडला होता का?” मी नाही म्हटल्यावर त्यांनी खिशातून अर्धवर्तुळाकार खाच असलेला पत्रा काढला, रंगाने भरलेला दुसरा रोलर रंगाच्या डब्यावर उभा धरला आणि ती खाच लवेवर दाबून वरून खाली ओढली. रंगाची जाड धार डब्यात परत पडली. रोलर थोडा फिरवून त्यांनी पुन्हा ओढले, आणि असे पूर्ण फेरीभर केले. “हा भिंतीचा रंग आहे, गटाराचा नाही,” एवढेच ते म्हणाले.

पुढच्या वेळी मी स्वयंपाकघरातील वजनकाटा घेऊन बसले. २३० मिलिमीटर लांबीच्या आणि मध्यम लवेच्या माझ्या कोऱ्या रोलरची नुसती नळी ७८ ग्रॅम भरली होती. काम संपल्यावर, भिंतीवर शक्य तितका कोरडा फिरवून झाल्यानंतरही ती २३१ ग्रॅम भरली. पत्र्याने खरवडल्यावर तिचे वजन १२८ ग्रॅमवर आले. म्हणजे जो रोलर मी रिकामा समजत होते त्यात १५० ग्रॅमहून अधिक रंग होता आणि त्यातील दोन तृतीयांश रंग केवळ दोन मिनिटांच्या खरवडण्याने डब्यात परत गेला. इमल्शनची घनता लक्षात घेतली तर तो ७० मिलिलिटरच्या आसपास होतो, आणि तेवढ्या रंगात पाऊण चौरस मीटर भिंतीला एक हात सहज बसतो. रोज संध्याकाळी मी हा रंग पाण्यात सोडत होते, आणि वर तो काढण्यासाठी पाणीही खर्च करत होते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आणि ती पुढे फारशी बदलली नाही. काम संपताच, हातपाय धुण्याच्याही आधी, रोलर खरवडायचा. कारण लवेच्या टोकांकडील रंग सर्वांत आधी वाळतो आणि तेथेच पुढच्या रेघांचे मूळ असते. मग नळी दांड्यावरून उतरवून पहिल्या बादलीतील चार-पाच लिटर पाण्यात पूर्ण बुडवायची आणि बोटांनी लव दाबत, सोडत राहायचे, म्हणजे पाणी बुडापर्यंत शिरते. स्पिनर स्वतः काही धूत नाही. लवेत शिरलेले पाणी ते बाहेर फेकते आणि त्या पाण्याबरोबर सुटा झालेला रंग जातो, त्यामुळे पाणी आधी आत पोचणे हा कामाचा अर्धा भाग आहे. त्यानंतर रिकाम्या डब्यात चार-पाच लांब दाब द्यायचे. पुन्हा दुसऱ्या बादलीत भिजवायचे, या वेळी भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून, आणि पुन्हा फिरवायचे. तिसऱ्या बादलीतील स्वच्छ पाण्याची फेरी शेवटची. खरवडणे धरून सारे काम सात-आठ मिनिटांत आणि सुमारे १४ लिटर पाण्यात होते.

वाळण्याच्या बाबतीत स्पिनरचा जो उपयोग झाला, त्याची मी आधी कल्पनाच केली नव्हती. हाताने पिळलेला रोलर दुसऱ्या दिवशीही आत ओला राहत असे आणि त्यातले पाणी रंगात उतरून भिंतीवर पातळ, ओघळणारे पट्टे येत. फिरवून काढलेला रोलर हाताला फक्त दमट लागतो आणि उभा करून ठेवला तर सकाळपर्यंत कोरडा होतो. उभा ठेवणे मात्र आवश्यक आहे; आडवा ठेवला की खालच्या बाजूची लव दबते आणि तो चपटेपणा भिंतीवर दर फेरीला उमटतो. याच कारणाने मी आता काम सुरू करतानाही स्पिनर हाती घेते. इमल्शन वापरायचे असेल तर कोरा किंवा धुतलेला रोलर आधी पाण्यात भिजवते आणि फिरवून दमट करून घेते. लवेच्या बुडाशी आधीच ओलावा असल्याने रंग तेथे वाळून घट्ट होत नाही, संध्याकाळचे धुणे सोपे होते, आणि नव्या रोलरचे सुटे तंतूही भिंतीवर न चिकटता बादलीत पडतात.

ब्रशांनी माझी अधिक परीक्षा पाहिली. रोलर तीन पाण्यांत स्वच्छ होतो, तर त्याच तीन पाण्यांत ७५ मिलिमीटरचा ब्रशही स्वच्छ व्हायला हवा, अशी माझी अपेक्षा होती. वरवर तो होतही असे. केस मोकळे, पांढरेशुभ्र दिसत. पण दोन आठवड्यांत त्याच ब्रशाचे तोंड फाकले आणि खिडकीच्या चौकटीलगत सरळ रेघ ओढणे अशक्य झाले. केस बाजूला सारून पाहिले तेव्हा पत्र्याच्या पट्ट्याच्या आत, केसांच्या बुडख्याशी, वाळलेल्या रंगाची गाठ दिसली. हे असे का होते, याचा विचार करताना मला स्पिनरची मर्यादा उमगली. रोलरची सगळी लव फिरण्याच्या अक्षापासून दूर असते, त्यामुळे तिच्या प्रत्येक तंतूला ओढ मिळते. ब्रश मात्र अक्षावरच बसवलेला असतो. बाहेरचे केस फाकून दूर जातात आणि त्यांतील पाणी उडते, परंतु अगदी मधल्या केसांचा बुडखा अक्षावर असल्याने तेथे त्रिज्याच जवळजवळ शून्य, आणि म्हणून ओढही जवळजवळ शून्य. शिवाय पत्र्याचा पट्टा तेथे केसांना घट्ट आवळून धरतो. ज्या ठिकाणी रंग सर्वांत जास्त साठतो, नेमके तेच ठिकाण फिरवण्याने स्वच्छ होत नाही. वेग कितीही वाढवला तरी या बाबतीत फरक पडत नाही.

यावर उपाय हाताचाच आहे. मी आता ब्रश भिजवल्यावर केस तळहातावर टेकवून हलकेच मागे-पुढे वाकवते, म्हणजे बुडख्याशी पाणी शिरते. मग धातूच्या दातांची फणी पट्ट्यापासून टोकाकडे ओढते. उलट दिशेने कधीच नाही, कारण त्याने केस मोडतात. त्यानंतर स्पिनरवर फिरवते, आणि हे सगळे तीनदा करते. दांडा पट्ट्यांमध्ये अगदी सरळ बसला आहे याची खात्री करावी लागते, कारण तो तिरका बसला तर ब्रश डोलतो, मूठ हातात थरथरते आणि केस डब्याच्या भिंतीवर आपटतात. कामाच्या वेळीही ब्रश केसांच्या निम्म्यापेक्षा अधिक रंगात बुडवायचा नाही, ही शिस्त मी लावून घेतली. जो रंग बुडख्यापर्यंत गेलाच नाही, तो तेथून काढावाही लागत नाही. धुतलेल्या ब्रशाचे केस बोटांनी जुळवून त्याभोवती जाड कागदाची घडी गुंडाळली की तो वाळताना मूळ आकारात राहतो. आणखी एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. नैसर्गिक केसांचा ब्रश पाणी शोषून फुगतो आणि लुळा पडतो, म्हणून इमल्शनसाठी नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या केसांचाच ब्रश घ्यावा. माझा एक चांगला ब्रश केवळ या अज्ञानामुळे बिघडला, त्याचे मला अजूनही वाईट वाटते.

दरम्यान मला नळाला जोडायचे दुसरे एक साधनही वापरून पाहता आले. त्यात रोलर एका पारदर्शक नळकांड्यात बंद करतात आणि पाण्याचा प्रवाह बाजूने आत शिरून रोलरला फिरवत धुतो. हात अजिबात खराब होत नाहीत आणि लव खरोखर स्वच्छ होते. पण पाणी निवळ यायला आठ मिनिटे लागली, आणि बादली लावून मोजले तेव्हा मिनिटाला नऊ लिटर, म्हणजे एका रोलरसाठी ७० लिटरहून अधिक पाणी गेले. ते सगळे पाणी थेट मोरीत गेले, ही गोष्ट मला जास्त खटकली. ज्याच्याकडे धुतलेल्या पाण्याची नीट व्यवस्था आहे त्याने ते साधन जरूर वापरावे. मी ते परत केले.

कारण बादलीतल्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न तोवर मला महत्त्वाचा वाटू लागला होता. तीन बादल्यांच्या पद्धतीत बहुतेक रंग पहिल्या बादलीतच उतरतो. ती बादली मी झाकून ठेवते. रात्रभरात काही गाळ तळाशी बसतो, पण वरचे पाणी बराच काळ गढूळच राहते, कारण रंगातील कणांवर सारखाच ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ठेवत तरंगत राहतात. पाण्यात तुरटी विरघळवून ढवळली की तिच्यातील धन भाराचे अॅल्युमिनियम हा विरोध मोडते, कण एकत्र येऊन फुटक्या दुधासारख्या गुठळ्या होतात आणि हळूहळू खाली बसतात. गढूळ पाणी निवळायला लागते त्यापेक्षा बरीच जास्त तुरटी येथे लागली. दोन-तीनदा थोडी थोडी वाढवत मी प्रमाण ठरवले. वरचे निवळ पाणी मी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला वापरते आणि गाळ पसरट पत्र्यात वाळवून, कडक झाल्यावर, सुक्या कचऱ्यात टाकते.

दरवाजे आणि जाळ्या ऑइल पेंटने रंगवायची वेळ आली तेव्हा मी स्पिनर वापरायचे की नाही, यावर बराच विचार केला आणि टर्पेंटाइनने भिजलेला ब्रश त्यावर फिरवायचा नाही, असे ठरवले. फिरवताना द्रवाचे बारीक तुषार हवेत पसरतात. पाण्याच्या बाबतीत त्याने फक्त भिंत खराब होते. टर्पेंटाइनच्या बाबतीत ते तुषार श्वासात जातात आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकतात. म्हणून ऑइल पेंटचे ब्रश मी झाकणाच्या तीन बरण्यांतील टर्पेंटाइनमध्ये एकापाठोपाठ एक बुडवून, दारे-खिडक्या उघड्या ठेवून, बरणीच्या आतल्या काठावर दाबून स्वच्छ करते. कापडाने पुसून, साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन सगळा तेलकटपणा गेल्यावरच शेवटचे पाणी काढण्यासाठी त्यांना स्पिनरवर चढवते. बरण्यांतला रंग काही दिवसांत तळाशी बसतो आणि वरचे निवळ टर्पेंटाइन पुन्हा वापरता येते. पुसलेली कापडे चुरगाळून एकावर एक टाकायची नाहीत, हे मात्र मी घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगितले. तेलाचा रंग हवेतील ऑक्सिजन घेऊन वाळतो, त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, आणि ढिगाऱ्यात ती अडकली तर कापडे आपोआप पेटू शकतात. मी ती बाहेर, मोकळ्या हवेत, एकेक सुटी पसरून पूर्ण कडक होऊ देते.

स्पिनरचीही थोडी निगा ठेवावी लागते. रंगाचे थेंब पिळाच्या सळईवर वाळले की मूठ अडखळू लागते, म्हणून प्रत्येक वापरानंतर सळई ओल्या कापडाने पुसून कोरडी करते आणि आठवड्यातून एकदा तेलाचा एक थेंब सोडते. तो थेंब खाली पट्ट्यांपर्यंत ओघळू द्यायचा नाही, कारण तेलाचा अंश लवेला लागला तर इमल्शन त्या जागी भिंतीला नीट धरत नाही.

सहाही खोल्या एकाच रोलरने पूर्ण झाल्या. शेवटच्या धुण्यानंतर तो तीन दिवस वाळवला आणि पुन्हा काट्यावर ठेवला, तर ७८ ग्रॅमच्या जागी तो ८३ ग्रॅम भरला. हे पाच ग्रॅम कोठे आहेत, ते पाहायचेच होते, म्हणून धारदार पात्याने मी नळी लांबीच्या दिशेने चिरली आणि उलगडून उजेडात धरली. मधल्या भागात लव बुडापर्यंत मोकळी होती आणि बोट फिरवल्यावर पूर्वीसारखीच उभी राहत होती. पण दोन्ही टोकांना, कडेपासून साधारण बोटभर रुंदीत, नळी आणि लव यांच्या सांध्यात पांढऱ्या रंगाचा पातळ, अखंड पापुद्रा होता. खरवडताना खाच नेहमी कडेच्या थोडी अलीकडेच सुटत होती, हे तेव्हा लक्षात आले. नव्या रोलरच्या बाबतीत आता मी मधल्या भागाआधी दोन्ही कडा पत्र्याच्या टोकाने खरवडते.